पंचवीस मजल्यांचा तुर्की किनारा

निशिकांत सबनीस हरवतो. ही टीका नाही, नोंद आहे. सिंगापूरच्या बिशान स्टेशनातून घराकडे नेणारं दार कोणतं, हे तेरा वर्षं तिथे राहूनही तो पाटी वाचूनच ठरवतो. मराठी मंडळाच्या सेंटोसा बेटावरच्या सहलीत त्याच्या नावाची लाउडस्पीकरवर घोषणा झाली, तेव्हा त्याच्या हातात नकाशा होता, आणि नकाशात काहीही चूक नव्हती. त्यामुळे तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पाच दिवस पायी हिंडायचं ठरलं, तेव्हा त्याच्या मुलीने, ऋचाने, "पापा चालणार कसे?" असं विचारलं नाही. "पापा सापडणार कसे?" असं विचारलं.

कल्पना मीनलची, म्हणजे त्याच्या बायकोची. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात ती लॅबची प्रमुख आहे. तिथल्या चहाच्या खोलीत पडलेल्या एका मासिकात तिला ती वाट दिसली. लिशियन वे. भूमध्य समुद्राच्या कडेकडेने, डोंगराच्या अंगावरून, पाइनच्या झाडीतून जाणारी पाचशे किलोमीटरहून लांब पाऊलवाट. खाली निळं पाणी, वर शेळ्या, मध्येच कुठेतरी दोन हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी. मीनलने सुरुवातीचा त्रेपन्न किलोमीटरचा तुकडा निवडला, मासिकाचं पान फाडून पर्समध्ये घातलं आणि जेवताना निशिकांतच्या ताटाशेजारी ठेवलं. हॉस्पिटलच्या मालकीचा कागद तिने आयुष्यात पहिल्यांदाच घरी आणला होता.

"ऑक्टोबरमध्ये लग्नाला पंचवीस वर्षं होतात," ती म्हणाली. "मला हे हवंय. अट एकच. फक्त दोघं."

अटीला इतिहास होता. लग्नानंतर ती दोघं महाबळेश्वरला गेली, तेव्हा गाडीत जागा आहे म्हणून निशिकांतची आत्या आणि तिच्या दोन मुली आल्या होत्या. युरोप पाहिला तो बेचाळीस जणांबरोबर, न्याहारीला पोहे खात. जपान मंडळाबरोबर. पंचवीस वर्षांत नवरा-बायको दोघंच मिळून सर्वांत लांब चालली होती ती स्टेशनपासून घरापर्यंत, नऊ मिनिटं. आणि तेव्हाही निशिकांत फोनवर होता.

"फक्त दोघं," निशिकांत म्हणाला, आणि त्याने ते वहीत लिहूनही घेतलं.

लिहून घेणं हा त्याचा पेशा आहे. वन-नॉर्थला वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत तो कागदपत्रांचा मॅनेजर आहे. कंपनीच्या सगळ्या फॉर्मवरून 'इतर' नावाचा चौकोन हद्दपार करायची मोहीम त्याने तीन वर्षं चालवली आणि जिंकली. "'इतर' म्हणजे विचार करायचा कंटाळा" हे त्याचं वाक्य टीमने मगवर छापून त्याला वाढदिवसाला भेट दिलं. थट्टा म्हणून दिलं होतं. तो रोज त्यातूनच कॉफी पितो.

असा माणूस पायी प्रवासाची तयारी करतो, तेव्हा त्याचे पाय सर्वांत शेवटी हलतात. आधी त्याने एकोणीस ब्लॉग वाचले आणि एकतीस पानांचा दस्तऐवज तयार केला. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नये, दगड तापतात; सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर उत्तम. वाटेवरच्या टाक्या तोवर आटलेल्या असू शकतात, म्हणून माणशी तीन लिटर पाणी. मिनीबसला दोल्मुश म्हणतात, हात केला की थांबते. कळपाजवळचा कुत्रा भुंकला तर पळू नये, शांतपणे कळपाला वळसा घालावा. गावातल्या बाईने गरम पोळीत पालक आणि चीज घालून दिलं तर नाही म्हणू नये. आणि सर्वांत महत्त्वाचं, पान सात: वाटेच्या खुणा. दगडांवर, झाडांवर रंगाचे दोन आडवे पट्टे असतात, वर पांढरा, खाली लाल. पट्टे दिसताहेत तोवर वाट बरोबर. पट्टा वाकडा असेल तर वळण. आणि लाल फुली दिसली, तर ही वाट तुमची नाही, मागे फिरा.

एकोणिसांपैकी चौदा ब्लॉगांचं एका गोष्टीवर एकमत होतं. लोक हरवतात ते वाट अवघड असते म्हणून नाही, तर बोलण्याच्या नादात खुणा बघत नाहीत म्हणून. निशिकांतने त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

आता सराव. कबाक नावाच्या खाडीपासून अलिंजा गावापर्यंत साडेसातशे मीटरची चढण आहे. सिंगापूरमधली सर्वांत उंच टेकडी एकशे चौसष्ट मीटरची. तिच्यावर रविवारी इतकी गर्दी असते की चढावं लागत नाही, मागचे वर ढकलतात. पण निशिकांतचा ब्लॉक, म्हणजे राहती इमारत, पंचवीस मजल्यांचा होता. त्याने हिशेब केला: जिन्याने तळापासून टोकापर्यंत अकरा वेळा गेलं की अलिंजा. पाठीवर आठ किलो वजन हवं, म्हणून सॅकमध्ये लिटल इंडियातून आणलेल्या तुरीच्या डाळीची आठ पाकिटं. आणि खुणा ओळखायचा सराव हवा, म्हणून खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून लाल आणि पांढऱ्या चिकटपट्टीची दोन-दोन रिळं.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी तो सकाळी साडेसहाला जिन्यात शिरला आणि खुणा चिकटवत निघाला. सोप्या जागी नाही. तुर्कस्तान काही आपली सोय बघत नाही, असं त्याचं म्हणणं. आठव्या मजल्यावर पाइपाच्या मागच्या बाजूला, चौदाव्यावर कठड्याच्या खाली, बाराव्यावर एका घराबाहेरच्या कुंड्यांच्या आड. दुसऱ्या दिवशी मीनल नवे बूट घालून निघाली आणि तिने चोवीस खुणा सत्तावीस मिनिटांत शोधल्या. निशिकांतला स्वतः लावलेल्यांपैकी पाच सापडल्या नाहीत. पंधराव्या मजल्यावर त्याच्या सॅकमधलं एक पाकीट फुटलं आणि तुरीची डाळ खाली बाराव्यापर्यंत सांडत गेली.

"ही खूण मात्र चांगली दिसते हं," मीनल म्हणाली, आणि जिन्यात बसून हसली. किती दिवसांनी अशी हसली, हे निशिकांतने मोजलं नाही. तो डाळ गोळा करत होता.

बाराव्या मजल्यावर कुंड्या होत्या त्या गो आंटींच्या. गो आंटी बहात्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. डाळ त्यांनी मुकाट्याने झाडली. पण सोमवारी सकाळी जास्वंदीच्या कुंडीमागे त्यांना चिकटपट्टीचे दोन पट्टे दिसले. त्यांनी फोटो काढून ब्लॉकच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: हे कोणी केलं?

निशिकांत तेव्हा वन-नॉर्थला मीटिंगमध्ये होता. टेबलाखाली धरलेल्या फोनवर त्याने पुढचा तासभर आपल्या खुणांचं भवितव्य वाचलं. विसाव्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, चोर असे घरं हेरून ठेवतात. तिसऱ्या मजल्यावरून कोणी म्हणालं, पाइप बदलणार आहेत, भिंत फोडायच्या जागा आहेत या. आता तीन महिने धूळ. एका बाईंना ते ग्रहदोषावरचे उतारे वाटले, आणि त्यांनी ते काढू नयेत अशी विनंती केली. एकाने लिहिलं की, रविवारी आपण एका माणसाला मोठी सॅक घेऊन जिन्यातून धापा टाकत जाताना पाहिलं, माणूस संशयास्पद वाटला, वय साठच्या पुढे. निशिकांत बावन्न वर्षांचा आहे. तो बाकी सगळं सहन करू शकला असता.

"सांगून टाक ना," मीनल संध्याकाळी म्हणाली.

"सांगतो. नीट मसुदा करून सांगतो."

मसुदा तिसऱ्या आवृत्तीपर्यंत पोचला तोवर इमारतींची देखभाल बघणाऱ्या इस्टेट ऑफिसातून फोन आला. लिफ्टच्या कॅमेऱ्यात सॅकवाला माणूस अकराव्या मजल्यावर, म्हणजे सबनीसांच्या मजल्यावर, उतरताना दिसला होता.

ऑफिसात फैझल नावाचा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा अधिकारी होता. अतिशय सभ्य. "बसा अंकल," तो म्हणाला, आणि निशिकांतची मान पुन्हा थोडी खाली गेली. "सार्वजनिक जिन्यात काही चिकटवायचं तर परवानगी लागते. पण मी रिपोर्ट करत नाही. तुम्ही आत्ता फॉर्म भरा, मी मागची तारीख... नको, आजचीच तारीख घालू. कारण काय लिहू?"

फॉर्मवर कारणांचे चौकोन होते. घराची दुरुस्ती. लग्न. अंत्यविधी. सणाची सजावट. इतर.

"तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर चालण्याची रंगीत तालीम," निशिकांत म्हणाला.

फैझलने पेन खाली ठेवलं, फॉर्मकडे बघितलं, मग प्रेमाने म्हणाला, "'इतर'वर खूण करा, अंकल. दोन मिनिटांत मोकळे व्हाल."

इथे निशिकांतचं पुढचं सगळं आयुष्य, निदान पुढचे सहा आठवडे, ठरलं. कोणाही समंजस माणसाने 'इतर'वर खूण केली असती. पण तीन वर्षांची मोहीम, तो मग, टीमसमोर केलेली भाषणं. निशिकांतचा हात पुढे जाईना. "'इतर' नको," तो म्हणाला. "नेमकं काहीतरी असेल."

फैझलने फोटो पुन्हा पाहिला. लाल पट्टा, पांढरा पट्टा. मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. नऊ ऑगस्टला, म्हणजे राष्ट्रीय दिनाला, तीन आठवडे उरले होते आणि ऑफिसच्या खिडकीबाहेर माणसं लाल-पांढऱ्या पताका बांधत होती. त्याचा चेहरा उजळला. "सणाची सजावट! अंकल, आधी का नाही सांगितलं? पंचवीस मजले एकट्याने? असा रहिवासी मी पाहिला नाही."

"तसं नाही, ते..."

"फक्त लाल वर पाहिजे, पांढरा खाली. झेंड्यासारखं. तुमचं उलटं लागलंय. आणि सजावट असेल तर कार्यक्रम सर्व रहिवाशांना खुला ठेवावा लागतो. इथे सही."

निशिकांतने सही केली. चौकोन चुकीचा होता, पण निदान नेमका होता. त्या शनिवारी चोवीस मजल्यांवर त्याने पट्टे काढून उलटे लावले. दर मजल्यावर त्याला अपमानासारखं काहीतरी वाटत होतं, कारण पान सातनुसार आता हे चूक होतं.

खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, सूचनाफलकावर फैझलने कागद लावला: लाल-पांढरी जिना चढाई, दर रविवारी सकाळी सात, मार्गदर्शक श्री. सबनीस. पहिल्या रविवारी गो आंटी आणि त्यांच्या ताय चीच्या चार मैत्रिणी आल्या. दुसऱ्या रविवारी विसाव्या मजल्यावरचे, चोर हेरणारे गृहस्थ सहकुटुंब आले. आणि तिसऱ्या रविवारी पद्माकर कर्णिक आले.

पद्माकरराव पलीकडच्या काँडोत राहतात. बँकेतून निवृत्त, मंडळाचे माजी अध्यक्ष, आणि सल्ल्याच्या बाबतीत अजून पूर्ण वेळ कामावर. पाच वर्षांपूर्वी त्यांनी तुर्कस्तान केलं होतं, आठ दिवसांत, बसमधून. "निशिकांत, तुर्कस्तानला जातोयस आणि मला विचारलं नाहीस?" ते जिन्याच्या पायथ्याशीच म्हणाले. "पहिली गोष्ट, लोणचं. दुसरी, लोकरीचे मोजे. तिथल्या गरम हवेच्या बलूनमध्ये वर फार थंडी असते."

"आम्ही बलूनमध्ये बसणार नाही, पद्माकरराव. समुद्राकाठी चालणार आहोत."

"चालणार? आणि सामान?"

निशिकांतने तिथे थांबायला हवं होतं. पण प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर पान अकरावर होतं. त्याने ते सांगितलं. पाचव्या मजल्यावर कोणी पाण्याचं विचारलं, त्याने टाक्यांचं सांगितलं. नवव्यावर कुत्र्यांचं. तेराव्यावर त्याने सगळ्यांना थांबवून खुणा समजावल्या: पट्टे म्हणजे पुढे चला, वाकडा पट्टा म्हणजे वळा, आणि नमुना म्हणून त्याने भिंतीवर एक लाल फुली चिकटवून दाखवली. "फुली दिसली की वाद घालायचा नाही. आपली वाट नाही. मुकाट मागे फिरायचं." लोकांनी माना डोलावल्या. गेल्या कित्येक वर्षांत त्याचं बोलणं इतक्या लोकांनी इतक्या लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं. ऑफिसात लोक ऐकत ते सक्ती म्हणून. इथे माणसं घाम पुसत ऐकत होती. पंचविसाव्या मजल्यावर त्याने फारालिया गावातल्या सूर्यास्ताचं असं वर्णन केलं की, तो तिथे कधी गेलेला नाही, हे त्याच्यासुद्धा लक्षात राहिलं नाही.

"ठरलं," पद्माकरराव कठड्याला धरून म्हणाले. "आपण सगळे जाऊ."

नाही म्हणायला निशिकांतने तोंड उघडलं. त्यातून, "ऑक्टोबरमध्ये तिकडे हवा चांगली असते," असं बाहेर पडलं.

संध्याकाळपर्यंत ग्रुप तयार झाला होता: 'पायी तुर्कस्तान, आम्ही अठरा'. मंडळातली मंडळी भराभर आत आली. नीता नावाच्या बाईंनी थेपल्यांची जबाबदारी घेतली. कोणी प्रेशर कुकर विमानात चालतो का, याची चौकशी सुरू केली. पद्माकररावांनी टूर कंपनी गाठली आणि कार्यक्रम सुधारून आणला: पहिल्या दिवशी पाच किलोमीटर, दुसऱ्या दिवशी दोन, मग बस मागून येतेच आहे तर चालायचं कशाला. संध्याकाळी अंताक्षरी. शेवटच्या दिवशी निशिकांत आणि मीनलच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, केकसह, सर्वांच्या उपस्थितीत.

मीनलने तो कार्यक्रम निशिकांतच्या फोनवर वाचला. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. चिडण्यावर त्याच्याकडे उत्तरं तयार होती. ती फक्त म्हणाली, "छान आहे. तुम्ही सगळे जाऊन या. ऑक्टोबरमध्ये मला रजा मिळेलसं वाटत नाही." मग तिने दाराजवळचे आपले बूट उचलले, पुसले, आणि स्टुलावर चढून कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवले, तिथे दिवाळीचे आकाशकंदील आणि न वापरलेला इडलीपात्राचा दुसरा संच असतो.

"ममा'ज रिअली सॅड, यू नो," ऋचा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत त्याला हळूच म्हणाली. "फिक्स इट लाह, पापा."

त्याने प्रयत्न केला. पद्माकररावांना हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खालच्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कॉफीला बोलावलं आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य सुरू केलं. "पद्माकरराव, मला स्पष्टच सांगायचंय..."

"कळलं," पद्माकररावांनी हात वर केला. "तुला संकोच वाटतोय. पुढारपण मी घेतलंय असं वाटू नये म्हणून मीच सांगतो. ग्रुप लीडर तूच." आणि त्यांनी टेबलाखालून एक पिशवी काढली. आत अठरा पिवळी जाकिटं होती. पाठीवर छापलं होतं: सबनीससोबत समुद्राकाठी. निशिकांत घरी आला तो ती पिशवी घेऊन.

बाराव्या मजल्यावरून गो आंटी झाडांना पाणी घालताना त्याला येताना बघत होत्या. त्या जिन्याने एक मजला खाली उतरून आल्या आणि पिशवीत डोकावल्या.

"टू ब्राइट," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या शाळेतल्या आवाजात: "मिस्टर सबनीस, मी बत्तीस वर्षं मुलांच्या सहली नेल्या. मला डोकी मोजायची सवय आहे. गेल्या रविवारी जिन्यात तेवीस माणसं होती. सगळ्यात पुढे तू, बोलत. बाविसावी कोण होती, ठाऊक आहे?"

"कोण?"

"तुझी बायको. तेविसावी मी. ती मला प्रत्येक मजल्यावर खूण दाखवत होती. तू तर एकही बघितली नाहीस लाह."

चौदा ब्लॉगांनी एकमताने सांगितलेली, दोनदा अधोरेखित केलेली ओळ त्याला आठवली.

पुढच्या शनिवारी पाच वाजता अठरा जणांची बैठक निशिकांतच्या घरी होती. मीनल कामावर. ऋचा मैत्रिणींबरोबर बाहेर जायला तयार होत होती. पावणेपाचला पद्माकररावांचा निरोप आला: तुर्कस्तानचे वीर लिफ्टने येणार नाहीत, जिन्याने येतील. निशिकांतने नकाराचा मसुदा उघडला. आवृत्ती नववी. पहिलीच ओळ 'आपणा सर्वांच्या भावनांचा पूर्ण आदर राखून' अशी होती. ती वाचल्यावर आपण हे कधीही बोलणार नाही, याची त्याला खात्री पटली.

त्याने खणातून लाल चिकटपट्टी काढली. बाहेर जाऊन दाराच्या लोखंडी जाळीवर, छातीच्या उंचीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फुली मारली. मग आत येऊन दार लावलं आणि सोफ्यावर, परीक्षेला बसल्यासारखा बसला.

पाच वाजता जिन्यातून धापा ऐकू आल्या. मग पावलं दारासमोर थांबली. कुजबुज झाली. नीताबाईंचा आवाज आला, "फुली आहे हो." मग पद्माकररावांचा, दबलेला पण शिस्तीचा: "वाद घालायचा नाही. त्यानेच शिकवलंय. मागे फिरा." आणि अकरा मजल्यांची पावलं एकेक करत खाली उतरत गेली.

निशिकांतला आनंद व्हायच्या आत फोन वाजला.

"निशिकांत, आम्ही खाली हॉकर सेंटरमध्ये आहोत," पद्माकरराव म्हणाले. "नियमाप्रमाणे फिरलो. पण मग बरोबर वाट कुठली?"

मसुदा समोर नव्हता. "पद्माकरराव, तुमची वाट वेगळी आहे," तो म्हणाला. "आम्ही दोघंच जाणार आहोत. मीनलला मी शब्द दिला होता. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. चूक माझी."

मग पद्माकररावांनी फोनवर हात ठेवून कोणालातरी काही सांगितल्याचं ऐकू आलं, आणि मागून एक आवाज उठला. सोळा माणसांनी एकदम सुटकेचा श्वास सोडला की होतो तसा.

"अरे, देवासारखा बोललास!" पद्माकरराव म्हणाले. "माझा गुडघा गेले दोन आठवडे सुजलाय. नीताला समुद्र बघूनच मळमळतं. पण तू इतका उत्साहाने सांगत होतास, तुला वाईट वाटेल म्हणून कोणी बोलेना. आम्ही बलूनवालं करतो. रविवारचा जिना मात्र चालू ठेवायचा हं, त्यानंतरचा डोसा चांगला असतो." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि जाकिटं आम्ही घालू. 'सबनीससोबत समुद्राकाठी' एवढंच काय ते चुकीचं आहे, ते झाकता येईल."

निशिकांतने फोन ठेवला. इतक्या सोप्या गोष्टीसाठी नऊ आवृत्त्या, हा विचार तो अजून पुरा करत होता, तेवढ्यात, तो फोनवर असतानाच बाहेर पडलेल्या ऋचाचा मेसेज आला. 'पापा, ममा व्हॉइड डेकमध्ये बसलीये. म्हणते, दाराला क्रॉस आहे, नॉट हर रूट, सो शी टर्न बॅक. यू डू व्हॉट लाह? मी निघाले, मूव्ही. बाय.'

मीनल लवकर सुटली होती. लिफ्टने आली होती. आणि पंचवीस वर्षांत नवऱ्याने नेमून दिलेल्या खुणांपैकी तिने एकही कधी चुकवली नव्हती.

निशिकांत स्टुलावर चढला, आकाशकंदील बाजूला सारला, बूट घेतले आणि धावला. लिफ्ट विसाव्यावर होती. तो जिन्याने निघाला, अकरा मजले, हातात बायकोचे बूट, पायात घरातल्या सपाता. मागे दार धाडकन लागल्याचं त्याने ऐकलं. किल्ली आत राहिल्याचं त्याला सातव्या मजल्यावर आठवलं. तो थांबला नाही.

व्हॉइड डेकमध्ये दगडी बाकावर मीनल बसली होती, मांडीवर डबा. शेजारी गो आंटी.

"ती फुली तुझ्यासाठी नव्हती," निशिकांत धापा टाकत म्हणाला. "ती त्या अठरा... त्या सोळा... बाकीच्यांसाठी होती. ते येत नाहीत. मी सांगितलं."

"तू सांगितलंस? तोंडाने?"

"तोंडाने. मसुद्याशिवाय."

मीनलने त्याच्या सपातांकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या बुटांकडे. "चल घरी," ती म्हणाली.

"किल्ली आत आहे. ऋचा सिनेमाला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली, पंधराव्या मजल्यावर डाळ सांडली होती तेव्हा हसली होती तशी. डबा तिने गो आंटींच्या हातात दिला आणि बूट घालायला वाकली. "सिनेमा संपायला दोन तास आहेत," नाडी बांधत ती म्हणाली. "तू मागे. आणि बोलायचं नाही."

ती पुढे, तो मागे. आठव्या मजल्यावर पाइपामागची खूण त्याला पहिल्यांदा स्वतःहून दिसली. अकराव्यावर स्वतःच्या बंद दारापुढून दोघं ते परक्याचं घर असल्यासारखी निघून गेली. चौदाव्यावर मीनल थांबली, कठड्याखालचे पट्टे तिने नखाने सोडवले आणि उलटे करून लावले. पांढरा वर, लाल खाली. पान सातप्रमाणे.

एकोणिसाव्यावर निशिकांतचा फोन वाजला. फैझल होता, नेहमीइतकाच सभ्य.

"सॉरी अंकल, शनिवारी त्रास देतोय. अकराव्या मजल्यावर दाराला लाल फुली असल्याची तक्रार आली आहे. राष्ट्रीय दिन तर होऊन गेला. फॉर्म उघडलाय, तुमच्या वतीने मीच भरतो. कारण काय लिहू?"

मीनल चार पायऱ्या वर थांबून मागे वळून बघत होती.

"'इतर' लिहा," निशिकांत म्हणाला.

पलीकडे पेन थबकलं असावं. "नक्की? 'इतर' लिहिलं तर खाली तपशील द्यावा लागतो."

"द्या ना. लिहा, फक्त दोघं," निशिकांत म्हणाला, आणि फोन बंद करून पुढची खूण शोधायला लागला.